फिशिंगचं पान बंद झालं, पण ज्यांनी माहिती भरली त्यांना कोण सांगणार?

ओंजळ (धागाकर्ती)

फिशिंगचा, म्हणजे नकली पानावर नेऊन माहिती चोरणारा मेसेज आला की मी तो नुसता पुसत नाही, रिपोर्ट करते. ही सवय जुनीच आहे. पण पान बंद पडणं म्हणजे निम्मंच काम, असं माझं मत होत चाललंय. का ते सांगते.

'तुमचं पार्सल पत्त्याअभावी अडकलं आहे' या छापाचा मेसेज आला होता. रिपोर्ट करण्याआधी पत्त्यातला शेवटच्या तिरक्या रेघेपुढचा भाग काढून बघितला, तर सगळं फोल्डर उघडंच! आत नकली पानाच्या फाइली, एक झिप आणि एक साधी टेक्स्ट फाइल. त्या फाइलीत ओळीने नाव, फोन, कार्डाचा पूर्ण नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि वेळ. सगळ्यात खालची ओळ काही मिनिटांपूर्वीची. म्हणजे मी बघत असतानाच कोणीतरी ते पान खरं समजून भरत होतं.

टॅब बंद केला. ज्यांच्या सर्व्हरवर ते पान होतं त्या होस्टिंग कंपनीला कळवलं, धोकादायक पानांची यादी ठेवणाऱ्या गूगल सेफ ब्राउझिंगच्या फॉर्मवर पत्ता टाकला. पुढे ब्राउझरमध्ये लाल इशारा दिसायला लागला आणि मग पानही गेलं. होस्टिंगचं उत्तर आलं, 'तक्रार निकाली काढली आहे.'

पण फाइलीतल्या लोकांचं काय? त्यांच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. त्यांना वाटतंय पार्सल येणार आहे. अशा वेळी आपण त्यांना थेट कळवावं का? नाही, तर मग कोणी, आणि कसं? अनुभवी मंडळींनी लिहावं.

कोरी_पाटी

मी तुमच्या जागी असते तर सरळ फोन लावले असते. समोर घर जळताना दिसलं तर आपण 'हे माझं काम आहे का' असं विचारतो का?

हेडर_वाचक

ओंजळ, तुमचं मत बरोबर आहे. मी मेल सर्व्हर सांभाळतो, अब्यूजच्या (गैरवापराच्या तक्रारींच्या) पेटीत येणारी पत्रं वाचणं हे माझं रोजचं काम.

आधी त्या फाइलीबद्दल. ती टेक्स्ट फाइल म्हणजे आळशी चोराचं काम. बहुतेक तयार किट (नकली पानांचे आयते संच) भरलेली माहिती त्याच क्षणी एखाद्या ईमेलवर किंवा टेलिग्रामवरच्या बॉटकडे (आपोआप चालणाऱ्या खात्याकडे) पाठवतात. आणि किट लिहिणारा अनेकदा त्यात गुपचूप स्वतःचीही सोय करून ठेवतो, म्हणजे किट वापरणाऱ्या चोराच्या नकळत दुसरी प्रत लेखकाकडे जाते. पान बंद केल्याने नवे बळी थांबतात, पण गेलेली माहिती परत येत नाही.

वेळेचाही हिशेब बघा. २०२० मध्ये यूजनिक्स सिक्युरिटी या संगणक सुरक्षेच्या परिषदेत एक अभ्यास आला होता. त्यात फिशिंगच्या एका मोहिमेत पहिला माणूस पानावर येण्यापासून शेवटचा येण्यापर्यंत सरासरी २१ तास जातात असं दिसलं. आणि पान सुरक्षा यंत्रणांच्या नजरेला येईपर्यंत त्यातले सरासरी ९ तास उलटलेले असतात. म्हणून रिपोर्ट 'सावकाश करू' म्हणून ठेवायचा नसतो. आलेला मेसेज रात्री बघितला तर रात्रीच कळवा.

आता रिपोर्ट कसा करावा. माझ्याकडे नुसता स्क्रीनशॉट येतो आणि खाली 'हे फ्रॉड आहे, कारवाई करा'. मी काय करू त्याचं? मला लागतं ते असं: पानाचा पूर्ण पत्ता (लांबलचक शेपटासकट), कधी दिसलं ती वेळ टाइमझोनसह, कुणाच्या नावाने फसवणूक चालू आहे, आणि मेल असेल तर मूळ मेल अटॅचमेंट म्हणून. नुसता फॉरवर्ड केला की हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, उडतात. हेडरमधल्या 'रिसीव्ह्ड' ओळींवरूनच मेल कुठून निघाला ते आम्हाला कळतं.

निळावंती

हेडर_वाचक, एक शंका. मी असाच पूर्ण पत्ता पाठवला होता तर समोरून उत्तर आलं की 'आम्हाला असं कोणतंही पान दिसत नाही'. माझ्या फोनवर मात्र व्यवस्थित उघडत होतं. मग मी नाद सोडला.

हेडर_वाचक

नाद सोडू नका. याला क्लोकिंग म्हणतात. किटमध्ये सुरक्षा कंपन्यांच्या आणि डेटा सेंटरच्या आयपींची (इंटरनेटवरच्या पत्त्यांची) यादीच असते. तिकडून कुणी आलं की कोरं पान किंवा '४०४' दाखवायचं. काही पानं फक्त मोबाइल ब्राउझरमध्येच उघडतात, काही ठरावीक देशातूनच. रिपोर्टमध्ये एकच वाक्य वाढवा: 'हे पान फक्त मोबाइल डेटावर, फोनच्या ब्राउझरमध्ये दिसतं.' त्या एका वाक्याने माझा अर्धा तास वाचतो.

आणि पत्राला दाद मिळाली नाही तर दुसरं दार ठोठवा. होस्टिंग वेगळं, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विकणारा रजिस्ट्रार वेगळा. अब्यूज@ ही पेटी प्रत्येक सेवादात्याने ठेवावी हे आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात १९९७ पासून लिहिलेलं आहे. २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा माहितीच्या गोपनीयतेचा कायदा आल्यावर हूइज या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतली मालकांची नावं झाकली गेली आणि बऱ्याच जणांचा समज झाला की आता काही कळतच नाही. तसं नाही. हूइजची जागा आता आरडीएपीने घेतली आहे, आणि त्यात रजिस्ट्रारचा अब्यूज संपर्क दिसतो. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅन या डोमेनचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेच्या रजिस्ट्रारांशी असलेल्या करारातही बदल झालाय. .कॉम, .नेट, .शॉपसारख्या डोमेनबाबत फिशिंगचा ठोस पुरावा हाती आल्यावर रजिस्ट्रारला कारवाई करावीच लागते. देशांच्या नावाच्या डोमेनना मात्र हा करार लागू नाही, तिथे त्या त्या रजिस्ट्रीचे (नोंदणी संस्थेचे) नियम.

घुबड

कोरी_पाटीताई, तुमची कळकळ समजते, पण फोन करू नका. हे मी रोजच्या अनुभवावरून सांगतोय. मी एका बँकेच्या फ्रॉड विभागात आहे (नाव लिहीत नाही). आम्ही बँकेतून, बँकेच्या नंबरावरून फोन करतो, तरी निम्मे लोक 'मला फसवताय का' म्हणून फोन आपटतात. तुम्ही तर अनोळखी नंबरावरून बोलणार. काय म्हणणार? 'नमस्कार, तुमच्या कार्डाचा नंबर माझ्याकडे आहे, घाबरू नका.' चोर अगदी हेच वाक्य बोलतो.

आणि समजा त्यांनी विश्वास ठेवला, तर ते आणखी वाईट. अनोळखी माणूस कार्डाबद्दल बोलला तरी ऐकायचं असतं, हा धडा आपण त्यांना दिला. पुढचा फोन खऱ्या चोराचा.

मंदाकिनी

घुबडदादा, लोक तुमच्यावर चिडतात हे चांगलंच लक्षण म्हणायचं 🙂 निदान इतकी जागृती झाली.

घुबड

खरंय. चिडणाऱ्यांना मी सांगतो, 'फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर तुम्हीच फोन करा.' ते केलं की काम होतं. जे अतिशय गोड बोलून सगळी माहिती सांगायला लागतात त्यांचीच मला काळजी वाटते.

कोरी_पाटी

पटलं. पण मग कुणीच सांगायचं नाही का? बँका सांगतात म्हणता, पण बँकेला कळणार कसं?

विजेरी

कोरी_पाटी, हा प्रश्न पोलिसांनाही पडलेला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांनी आयस्पूफ नावाची सेवा बंद पाडली. फोनवर बँकेचा नंबर दिसेल अशी सोय करून देणारी ती साइट होती. पोलिसांच्या हाती बळींचे नंबर लागले आणि त्यांनी सुमारे ७०,००० नंबरांना एसएमएस पाठवायचं ठरवलं. पण पोलिसांच्या नावाचा एसएमएस तर कोणीही पाठवू शकतो! म्हणून त्यांनी आधी जाहीर केलं की आमचे मेसेज फक्त २४ आणि २५ नोव्हेंबरलाच येतील, त्याआधी-नंतर आलेला आमचा नाही. आणि तक्रारीसाठी पोलिसांच्या स्वतःच्या वेबसाइटवर या.

एप्रिल २०२४ मध्ये लॅबहोस्ट पकडलं गेलं तेव्हाही तसंच. ते तर भाड्याने फिशिंगची पानं देणारं दुकानच होतं. जगभरातल्या कारवाईत ३७ जणांना अटक झाली. तिथे ४,८०,००० कार्डनंबर, ६४,००० पिन आणि दहा लाखांहून जास्त पासवर्ड सापडले. ब्रिटनमधल्या सुमारे २५,००० बळींना पोलिसांनी कळवलं.

मला यातून एवढंच दिसतं की बळींना कळवणं शक्य आहे आणि ते करायलाच हवं. फक्त सांगणारा असा हवा की त्याची खातरजमा दुसऱ्या वाटेने करता येईल.

पारवा

+१. इमोटेट या बॉटनेटच्या (चोरांनी ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याच्या) वेळीही छान वाट काढली होती. २०२१ मध्ये त्या बॉटनेटवर कारवाई झाल्यावर एफबीआय आणि डच पोलिसांनी ४३ लाखांहून जास्त ईमेल पत्ते 'हॅव आय बीन पोन्ड'ला दिले. आपला पत्ता चोरलेल्या माहितीत आहे का ते सांगणारी, सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंटने २०१३ मध्ये सुरू केलेली ती साइट. तिथे माणूस स्वतःहून जाऊन आपला पत्ता तपासतो, त्यामुळे अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

टिपूस

थोडं अवांतर. मी अशा पानांवर मुद्दाम खोटी नावं, खोटे नंबर भरते. शेकड्याने. चोराला खऱ्यातून खोटं निवडत बसू दे. हा पण एक उपाय नाही का?

हेडर_वाचक

टिपूस, राग समजतो, पण करू नका. बरीच किट कार्डनंबर खरा बसतो का ते जागच्या जागी तपासून खोटे बाजूला टाकतात, त्यामुळे चोराला फार तोशीस पडत नाही. आणि ओंजळ म्हणतात तशी फाइल उद्या तपास करणाऱ्यांच्या हाती लागली तर तुमच्या शेकडो खोट्या ओळींतून खरी माणसं त्यांना शोधावी लागतील. शिवाय तुमचा आयपी त्यांच्या नोंदीत राहतो तो वेगळाच.

टिपूस

खरी माणसं शोधण्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. बंद करते.

शुभदा

मला तांत्रिक काही कळत नाही, पण घरातलं लिहिते. माझ्या आत्याच्या बाबतीत हे झालं. आम्हाला कळलं तेव्हा बराच काळ गेला होता, कारण तिने कुणाला सांगितलंच नाही. नंतर म्हणाली, 'तुम्ही सगळे हसला असता.' आणि खरं सांगायचं तर घरातल्या एकाने पहिलं वाक्य तेच काढलं: 'एवढं शिकलेली तू, तुला कळलं कसं नाही?' त्या वाक्यानंतर ती पुढचं काही सांगायलाच तयार होईना. कुठल्या नंबरावरून मेसेज, काय काय भरलं, ओटीपी दिला का, काही नाही.

मग आईने सगळ्यांना खोलीतून बाहेर काढलं आणि तिच्याजवळ बसली. विचारलं एवढंच की 'वन्सं, आधी कोणतं कार्ड बंद करायचं?' तिथून सगळं सुरळीत झालं.

बळींना कळवायचं म्हणता, तर पहिलं वाक्य कसं असावं याचा विचार माझ्या मते सगळ्यात आधी करायला हवा.

मंदाकिनी

शुभदा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. शंभर टक्के अनुमोदन.

घुबड

शुभदा, हे सोन्यासारखं लिहिलंत. आमच्याकडेही 'तुम्ही काय केलंत' असं विचारायचं नाही, 'तुमच्यासोबत काय झालं' असं विचारायचं, असा दंडक आहे. लाज वाटली की माणूस तपशील लपवतो, आणि आमचा सगळा खेळ तपशिलांवर चालतो.

आत्याबाईंना आणखी एक सांगून ठेवा. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर अनेकदा याद्यांमध्ये विकला जातो. काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा' असा फोन येतो. बोलणारा स्वतःला वकील, पोलीस, सायबर तज्ज्ञ काहीही म्हणवतो. पैसे परत मिळवून देण्यासाठी आगाऊ फी मागणारा प्रत्येक जण चोर. याला अपवाद मी अजून पाहिलेला नाही.

सावली_उन्हाची

एक बाजू इथे कुणी मांडली नाही. ज्याच्या साइटवर ते पान लपवलेलं असतं तोही अनेकदा बळीच असतो. मी एका छोट्या संस्थेची वेबसाइट बघते. एका अनोळखी बाईंचं पत्र आलं: 'तुमच्या साइटवर अमुक फोल्डरमध्ये बँकेचं नकली पान आहे. तुम्ही केलं असेल असं मला वाटत नाही, बहुधा कुणीतरी घुसलं आहे.' साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या एका जुन्या प्लगइनमधून (जोड-प्रोग्रॅममधून) चोर आत शिरले होते. मुख्य साइट जशीच्या तशी, म्हणून आम्हाला काहीच कळलं नव्हतं.

त्या बाईंनी थेट रजिस्ट्रारकडे डोमेन बंद करायची मागणी केली असती तर संस्थेची साइट आणि ईमेल दोन्ही गेलं असतं. म्हणून विनंती: नाव जुनं, साइट खरी वाटली तर आधी मालकाला आणि होस्टिंगला कळवा. काही साइटांवर संपर्काची माहिती सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाच्या फाइलीत असते. २०२२ मध्ये त्याचा आरएफसी ९११६ आला.

आणि मालकहो, नुसतं ते पान पुसू नका. घुसलेल्याने मागचं दार ठेवलेलं असतं. सगळे पासवर्ड बदला, प्लगइन अद्ययावत करा, अनोळखी ॲडमिन खाती शोधा.

निळावंती

हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

कोरी_पाटी

मग नवं डोमेन आणि घुसलेली साइट यातला फरक ओळखायचा कसा?

हेडर_वाचक

आरडीएपीमध्ये डोमेनची नोंदणी कधी झाली ते दिसतं. परवा नोंदलेलं आणि बँकेसारखं नाव असेल तर रजिस्ट्रारकडे जा, बेलाशक. वर्षानुवर्षं जुनं असेल, नावाचा फसवणुकीशी संबंध नसेल, आणि नकली पान चार फोल्डर आत असेल, तर बहुधा सावली म्हणतात तसं. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं हिरवं कुलूप वगैरे काही बघू नका. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

पारवा

रिपोर्ट करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. मेलमधल्या लिंकच्या शेवटी जे अक्षरांचं गबाळ असतं त्यात बरेचदा तुमचाच ईमेल पत्ता सांकेतिक रूपात असतो. ती लिंक उघडली की चोराला कळतं की हा पत्ता चालू आहे. आणि लिंक तपासणाऱ्या साइटवर ती 'सार्वजनिक' म्हणून टाकलीत तर सगळ्या जगाला दिसते. तपासणी खासगी ठेवायची सोय असते, ती वापरा.

तसंच व्हॉट्सॲपवर सावध करताना ती लिंक जिवंत टाकू नका. एचटीटीपीमधल्या दोन टींच्या जागी दोन एक्स आणि टिंबाभोवती चौकोनी कंस, अशी पद्धत आहे. मग चुकून बोट लागलं तरी उघडत नाही.

विजेरी

आणि ज्या मित्राच्या खात्यावरून लिंक आली, त्याला त्याच खात्यावर 'अरे तुझं खातं हॅक झालंय' असं लिहू नये. वाचणारा चोर असतो. उत्तरही तोच देतो, 'नाही रे, मीच आहे.' फोन करा, आवाज ऐका.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येते: माझ्यासारख्या त्रयस्थ माणसाने ती यादी नेमकी कुणाकडे द्यायची? आणि मी ती उतरवून घ्यायला हवी होती का?

घुबड

उतरवून घेतली नाहीत ते उत्तम. देशोदेशी कायदे वेगळे, पण दुसऱ्यांचे कार्डनंबर स्वतःच्या यंत्रावर ठेवणं कुठेच शहाणपणाचं नाही. पत्ता द्यायचा, यादी नाही.

कुणाला द्यायचा? पहिलं, ज्या कंपनीच्या नावाने पान आहे तिच्या फ्रॉड विभागाला. विषयातच लिहा: 'या पत्त्यावर बळींची माहिती उघडी आहे.' हे शब्द दिसले की पत्र रांगेत पुढे जातं. दुसरं, देशाच्या सर्टला, म्हणजे सायबर हल्ल्यांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी पथकाला. कार्डाच्या सुरुवातीच्या सहा ते आठ आकड्यांवरून ते कोणत्या बँकेचं आहे ते कळतं, त्यामुळे यादी योग्य हातात पडली की प्रत्येक बँकेला तिचे तिचे नंबर देता येतात. आम्हाला असे नंबर आले की आम्ही ग्राहकाला विचारत बसत नाही. कार्ड आधी बंद, फोन नंतर.

आणि हे होस्टिंगला कळवण्याच्या आधी, किंवा निदान त्याच तासात. पान गेलं की फाइलही जाते, मग आम्हाला काहीच मिळत नाही. होस्टिंगच्या पत्रातही 'पुसण्याआधी प्रत जपून ठेवा' एवढं लिहा.

हेडर_वाचक

याला जोडून: एपीडब्ल्यूजी (अँटी-फिशिंग वर्किंग ग्रुप) ही २००३ पासूनची संघटना फिशिंगचे मेल स्वीकारते आणि तिच्या यादीतून ते बऱ्याच सुरक्षा कंपन्यांना मिळतात. गूगल सेफ ब्राउझिंगला टाकलेला पत्ता क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत अडतो. एज या ब्राउझरसाठी मायक्रोसॉफ्टला वेगळं कळवा. पैसे गेलेच असतील तर आपापल्या देशाची वाट: भारतात १९३० ही हेल्पलाइन, अमेरिकेत एफबीआयचं आयसीथ्री हे तक्रार केंद्र. ब्रिटनमध्ये संशयास्पद एसएमएस ७७२६ वर पाठवतात.

शुभदा

कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला मी एक मजकूर केलाय. सुधारून द्या.

'पार्सलच्या नावाने आलेल्या पानावर कुणी कार्डाची माहिती भरली असेल तर ती चोरांकडे गेली आहे. हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आत्ता फोन करा आणि कार्ड बंद करायला सांगा. मला काही कळवायची गरज नाही. मदत हवी असेल तर कोणत्याही वेळी फोन करा.'

घुबड

यात लिंक नाही, काही मागितलेलं नाही, दोष दिलेला नाही. एकच भर: 'ओटीपी दिला असेल तर तेही बँकेला सांगा.' लोक नेमकं तेच गाळतात.

निळावंती

आणि कार्डाऐवजी ईमेलचा पासवर्ड भरला असेल तर?

पारवा

दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, मग 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय निवडा. काही किट पासवर्डासोबत चालू लॉगिनही चोरतात, तेव्हा नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. त्यानंतर मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. चोर तिथे बँकेचे मेल आपल्याकडे वळवणारा किंवा आल्या आल्या कचऱ्यात टाकणारा नियम करून ठेवतो, आणि पासवर्ड बदलल्यावरही तो नियम तसाच चालू राहतो. रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

शुभदा

घुबडदादा, ओटीपीची ओळ घातली. पारवा, तुमचं उत्तर खाली जोडून ग्रुपवर टाकते आहे.